सूक्ष्म कणांचा पत्ता

टपालपेटीत टाकलेले पत्र हजारो घरे ओलांडून नेमक्या एकाच घरी पोहोचते, कारण त्यावर पत्ता लिहिलेला असतो. आपल्या शरीरात अब्जावधी पेशी आहेत. त्यांपैकी विशिष्ट पेशींनाच एखादे औषध द्यावयाचे झाले, तर त्यावर पत्ता कसा लिहावा?

पेशीतील जनुके म्हणजे कोणती प्रथिने तयार करावयाची, यासंबंधीच्या आज्ञाच होत. एखादे जनुक सदोष असले, तर काही वेळा आवश्यक ते प्रथिन निर्माण होत नाही व बालक जन्मतःच रोगी असू शकते. अशा वेळी योग्य आज्ञा पेशीत पोहोचविणे, हा एक उपाय होय. पण ही आज्ञा वाहणारा आर.एन.ए. नामक रेणू फार नाजूक असतो. तो रक्तात तसाच सोडला, तर लवकरच नष्ट होतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला स्निग्ध पदार्थांचे वेष्टन दिले. मिलीमीटरचा दहा लक्षावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे वेष्टित कण सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचे असतात. केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने मावतील!

शिरेतून दिलेल्या या कणांना रक्तातील एक प्रथिन चिकटते. यकृताच्या पेशी त्या प्रथिनाला ओळखतात आणि कणाला एका इवल्याशा पिशवीत घालून आत घेतात. ही पिशवी आम्लधर्मी होताच वेष्टनातील स्निग्ध रेणूंवर विद्युत्भार येतो, पिशवीचा पडदा भेदला जातो आणि आज्ञा पेशीत उतरते. अन्य पेशी गाठावयाच्या असल्यास, त्या पेशींना ओळखणारी प्रथिने वेष्टनावर बसविता येतात.

या विद्येचा प्रत्यय २०२५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयात आला. एका तान्ह्या बाळाच्या यकृतात जनुकदोषामुळे अमोनियाचा निचरा होत नव्हता. रक्तात साठणारा अमोनिया मेंदूला घातक असतो. डॉ. किरण मुसुनुरू, डॉ. रिबेका आरेन्स-निकलस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ सहा महिन्यांत त्या बाळापुरते औषध सिद्ध केले. जनुकाच्या रासायनिक लिपीतील एक अक्षर दुरुस्त करणाऱ्या साधनाची आज्ञा त्या कणांत भरली होती. तीन मात्रांनंतर बाळाला पूर्वीपेक्षा अधिक प्रथिने पचू लागली, आणि जून महिन्यात ते घरी गेले. त्याच्यावर वैद्यांची देखरेख मात्र पुढेही आवश्यक होती.

यकृताचा पत्ता असा सापडला. मेंदू, हृदय, स्नायू यांच्यापर्यंत कण नेमकेपणाने पोहोचविणे अजून कठीण आहे. त्यासाठी संशोधक झटत आहेत.