पाण्याखालचे दोन नियम

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आम्ही पाठीवर हवेची टाकी बांधून प्रथमच प्रवाळ पाहावयास उतरलो. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती इवल्या जीवांची वसाहत असते. उतरण्याआधी दोन नियम शिकलो. श्वास रोखू नये. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, तेथे घेतलेली हवा वर येताना फुगून फुप्फुस फाडू शकते. आणि सावकाश वर यावे. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात.

हा दुसरा नियम मजुरांनी प्राण देऊन शिकविला. १८७० साली अमेरिकेत सेंट लुईसच्या पुलाचा पाया दाबाच्या हवेत खणताना कित्येकजण याच व्याधीने मेले. वर येण्याची शास्त्रीय कोष्टके हॉल्डेन प्रभृतींनी १९०८ साली दिली. तेव्हा श्रोतेहो, सुरक्षिततेचा नियम ही कामचुकाराची सबब नव्हे. त्यामागे कोणाचा तरी श्वास थांबलेला असतो.