घटावरील आकडा आणि अध्याहृत क्रियापद

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री निषिद्ध ठरली. ब्रिटनमध्ये तिची विक्री कायदेशीर आहे. तेथे १ जून २०२५ पासून बंदी आली ती केवळ एकदा वापरून टाकावयाच्या साधनांवर. उरलेल्या साधनांपैकी काहींत तापतारेचे वेटोळे आणि विद्युत् घट ग्राहकानेच जुळवावयाचे असतात. हा विषय पदार्थविज्ञानाचा खरा. परंतु नवशिक्याची चूक पुष्कळदा गणितात नसून वाचनात असते.

वेटोळ्यावर ‘०.२ ओहम’, घटाच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात ‘३.७ व्होल्ट’ व ‘२० अँपिअर’ असे नुसते आकडे आढळतात. ही तीन वाक्येच होत. त्यांतील क्रियापद तेवढे अध्याहृत आहे. नवशिका तिन्ही ठिकाणी ‘आहे’ हेच क्रियापद योजतो. रोधाच्या बाबतीत ते बहुतांशी चालते, कारण रोध हा तारेच्या धातूवर, लांबीवर व जाडीवर अवलंबून असतो. दाबाच्या बाबतीत ते चालत नाही. ३.७ हा नाममात्र आकडा होय. लिथियम-आयन घट पूर्ण भारित असता त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो व वापराबरोबर तो उतरत जातो. ‘२० अँपिअर’ येथे तर अर्थच पालटतो. घट तेवढा प्रवाह देतो असे नव्हे, सतत देऊ शकतो. त्याहून अधिक मागू नये. विधान म्हणून वाचले जाणारे हे वाक्य वस्तुतः शक्यार्थक व निषेधार्थक आहे.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेल्या साधनात ही मागणी वेटोळे करते. ओहमच्या नियमाप्रमाणे दाबास रोधाने भागले असता प्रवाह मिळतो. ३.७ भागिले ०.२ म्हणजे १८.५ अँपिअर, नवशिका निर्धास्त होतो. परंतु नुकत्याच भारित केलेल्या घटाचा हिशेब ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर असा आहे. घटाच्या अंतर्गत रोधामुळे प्रत्यक्ष प्रवाह काहीसा कमी भरतो हे खरे, तथापि मर्यादा ठरविताना ही सूट धरणे शहाणपणाचे नव्हे. मर्यादा ओलांडलेला घट तापतो, प्रसंगी वायू सोडतो व पेटही घेतो. याउलट ०.५ ओहमच्या वेटोळ्यातून त्याच घटाचे ८.४ अँपिअर वाहतात व सुमारे ३५ वॅट शक्ती मिळते. मात्र दोन घट एकसरीत जोडल्यास प्रवाह दुप्पट व शक्ती चौपट होते.

‘रोध’ या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. अडथळा अधिक तर उष्णता अधिक, असे घर्षणाच्या अनुभवावरून वाटते. दाब कायम असता उलट घडते: घरातील १०० वॅटच्या तापदीपाचा रोध ४० वॅटच्या दीपाहून कमीच असतो.

शक्ती नियंत्रित करणाऱ्या साधनाचे व्याकरण निराळे. एका घटावरील साधनात ‘६० वॅट’ याचा अर्थ खरोखरच ‘देतो’ असा होतो, आणि ते वचन पाळण्यासाठी दाब उतरेल तसा प्रवाह वाढवावा लागतो. ४.२ व्होल्टला १४.३ अँपिअर, तर ३.२ व्होल्टला १८.८, साधनातील शक्तिक्षय धरल्यास त्याहून किंचित अधिक. म्हणून तेथे हिशेब भरल्या घटावरून न करता उतरत्या घटावरून करावयाचा.