बिनशेती झाली, पण झोनचं काय?

शेतकरी बंधूंनो, रस्त्याकडेला आपला गट असला की डोक्यात एक विचार हमखास येतो. मालाला भाव नाही, पोरगा शिकून घरी बसलाय, मग रस्त्याला लागून चार गाळे काढले तर? भाडं येईल, पोराचंही बस्तान बसेल. गवंडी ओळखीचा, सिमेंट उधारीवर. सरपंच म्हणतो, "बांधा हो, ना हरकत दाखला आपण देऊ." पाया खोदला जातो, स्लॅब पडतो आणि एक दिवस नोटीस दारात येते. तोवर सोसायटीचं कर्ज नि बायकोचे दागिने भिंतीत गेलेले असतात.

असं का होतं? कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतो. एक आहे बिनशेती, म्हणजे एन. ए. ही महसूल खात्याची बाब, १९६६ च्या जमीन महसूल संहितेतली. दुसरा आहे झोन. तो ठरतो १९६६ च्याच महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली. आपलं गाव शहराच्या विकास योजनेत किंवा जिल्ह्याच्या प्रादेशिक योजनेत येत असेल, तर नकाशात आपल्या गटाला रंग दिलेला असतो. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. कुठं रस्त्याचं, शाळेचं, बागेचं आरक्षणही पडलेलं असतं. सातबाऱ्यावर हा रंग दिसत नाही. खरी मेख तिथंच आहे.

गेल्या काही वर्षांत बिनशेतीची वाट बरीच सोपी करण्यात आली. संहितेतल्या एका दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी मानीव बिनशेतीची तरतूद आणली. त्यावरून गावोगाव बोललं गेलं, "आता परवानगी लागतच नाही." पण त्या तरतुदीतही अट होती, की योजनेत जो वापर चालतो तोच करायचा. बिनशेती सुटली म्हणून झोन सुटत नाही. बांधकाम परवानगीही वेगळी घ्यावी लागते.

दुसरा गैरसमज घरपट्टीचा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लागलं, घरपट्टीची पावती फाटली, की माणूस निर्धास्त होतो. ती पावती कराची असते, परवानगीची नसते. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी हे गावकऱ्यांना तोंडावर सांगायला हवं. ना हरकत दाखला देताना तो बांधकामाचा परवाना नाही, एवढी एक ओळ त्यात लिहिली तरी एखाद्याचं घर वाचेल.

तिसरा गैरसमज साठ दिवसांचा. अर्ज दिला, ६० दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी मिळाली असं सांगणारे बरेच भेटतील. कलम ४५ मध्ये मानीव परवानगी आहे, हे खरं. पण प्रस्ताव योजनेला आणि नियमावलीला धरून असेल तरच. शेती झोनमधल्या गाळ्यांना नुसतं दिवस मोजून परवानगी मिळत नाही.

मग झोनच्या विरुद्ध काही करायचंच नाही का? वाट आहे, पण लांबची आहे. प्रादेशिक योजनेत बदल करायचा तर कलम २० आणि विकास योजनेत करायचा तर कलम ३७. हा अधिकार तलाठ्याला नाही, तहसीलदाराला नाही, जिल्हाधिकाऱ्यालाही नाही. मंजुरी राज्य शासन देतं. त्याआधी राजपत्रात सूचना निघते, लोकांच्या हरकती मागवतात, सुनावणी होते, नगररचना विभागाचा अहवाल जातो. अधिमूल्यही भरावं लागू शकतं. वीस गुंठ्यांच्या धन्याला हे झेपणं अवघडच. म्हणून "मंत्रालयात ओळख आहे, झोन बदलून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला हातात पैसे देण्याआधी दहादा विचार करा.

त्यापेक्षा जवळच्या दोन वाटा आधी तपासा.

पहिली वाट नियमावलीतली. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. शेती झोनमध्ये फक्त नांगरच चालतो, असं त्यात नाही. शेतघर, गोठा, कुक्कुटपालन, शेतमालाचं गोदाम असे वापर अटींवर चालतात. अटी म्हणजे किमान क्षेत्र, किती बांधायचं त्याची मर्यादा, रस्त्यापासून सोडायचं अंतर. कदाचित गाळ्यांऐवजी गोदामाने आपलं काम भागेल, आणि तेही कायद्यात बसून.

दुसरी वाट हरकतीची. नवी योजना तयार होते किंवा जुनी सुधारली जाते, तेव्हा प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना देता येते, तीही बिनपैशाची. पण त्या वेळी आपण पेरणीत असतो आणि नोटीस चावडीवर वाळत असते. ग्रामपंचायतीने असा नकाशा आला की ग्रामसभेत मांडावा. कुणाच्या गटावर कोणता रंग पडला, ते नावानिशी वाचून दाखवावं.

"एकदा बांधलं की कोण पाडतंय? पुढं नियमित करून घेऊ," असंही काहीजण म्हणतात. त्यांनी उत्तर प्रदेशातलं मेरठचं प्रकरण ऐकावं. तिथं राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकानं उभी राहिली. वर्षानुवर्षं ती चाललीही. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम ठेवला. बरीच वर्षं गेली, पैसा ओतला, अधिकारी गप्प बसले, एवढ्यावरून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं न्यायालयानं बजावलं. शिवाय पूर्णत्वाचा किंवा भोगवटा दाखला पाहूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी आणि बँकांनीही कर्ज देण्याआधी तो तपासावा, असे निर्देश दिले. म्हणजे बांधकाम पाडलं नाही, तरी गाळ्याला मीटर मिळताना अडचण आहेच.

तेव्हा कुदळ मारण्याआधी एवढं करा. सातबारा आणि मोजणीचा नकाशा घ्या. गट नंबर घालून जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयातून झोन दाखला मागा. तो लेखीच घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका. मनातला वापर त्या झोनमध्ये चालतो का, ते तिथंच विचारा. चालत असेल तर नकाशा करून परवानगीचा अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. चालत नसेल तर पैसा हातात आहे तोवरच बेत बदला. कागदाला दोन-चार महिने लागतील, चपला झिजतील. पण नोटीस आल्यावर जे हेलपाटे पडतात, त्यापुढं हे काहीच नाही.