गायरानावरचं जंगल आणि कार्बन क्रेडिट : काही गैरसमज

‘डोंगर हिरवा करायचा तर रोपं लावलीच पाहिजेत.’

ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, पण धुळे तालुक्यातलं लामकानी पाहिलं की ती टिकत नाही. तिथे डॉ. धनंजय नेवाडकरांच्या पुढाकाराने गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, आणि उजाड माळ गवताने भरला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने त्याआधीच, १९९०च्या दशकात, चैत्राम पवारांच्या सोबतीने जंगल राखायला घेतलं होतं. आज ते सुमारे ४०० हेक्टर आहे. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

यामागचं कारण जमिनीखाली आहे. पळस, धावडा, अंजन तोडले तरी बुंधा जिवंत राहतो. दर पावसाळ्यात त्याला फुटवे येतात आणि दर वर्षी शेळ्या-गुरं ते खुडतात. आपल्याला वीतभर झुडूप दिसतं, पण त्याची मुळं कित्येक वर्षांची असतात. काही पावसाळे त्याला सुखाने मिळाले की ते झपाट्याने वर सरकतं. नवं रोप या शर्यतीत मागे पडतं. गवताचंही तसंच. अति चराईच्या माळावर कुसळी माजते. राखण झाली की मारवेल, पवन्या, डोंगरी अशी चांगल्या चाऱ्याची गवतं परत येतात.

‘चराईबंदी म्हणजे गुरांच्या तोंडचा घास काढणं.’

गावातल्या गोठ्यापुरतं हे खरं नाही. पावसाळाभर वाढू दिलेलं गवत नंतर कापून आणता येतं, आणि ते मोकाट चराईपेक्षा जास्त भरतं. धुळ्याच्या ठेलारी मेंढपाळांचं मात्र वेगळं आहे. कळप घेऊन फिरणाऱ्याला कापलेल्या गवताचा काय उपयोग? त्यांना विचारल्याशिवाय घातलेली बंदी अन्यायाचीच. माळाचे भाग पाडून ते आळीपाळीने बंद ठेवणं हा रास्त मार्ग आहे. राखलेल्या रानावर कार्बन क्रेडिट विकण्याचा प्रकल्प असेल तर त्याच्या हिशेबातही याला महत्त्व आहे, कारण इथून हाकललेली गुरं शेजारच्या रानावर गेली तर ते नुकसान प्रकल्पाच्या खात्यातून वजा होतं.

‘जितकी झाडं, तितके क्रेडिट.’

अशा प्रकल्पात एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषून घेतलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. सुक्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो. त्यावरून हिशेब केला तर एका क्रेडिटसाठी खोड, फांद्या, मुळं मिळून साधारण पावणेसहाशे किलो सुकं वजन नव्याने वाढावं लागतं. त्यातही प्रकल्प नसता तरी जी वाढ झाली असती, ती मोजत नाहीत. म्हणजे ज्या गावाने कुणी पैसे देण्याआधीच जंगल राखलं, त्याच्या उभ्या जंगलाला या बाजारात जवळजवळ किंमत नाही. मला हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष वाटतो.

पैसाही लगेच येत नाही. आधी वाढ, मग मोजणी, मग त्रयस्थाची तपासणी, त्यानंतर विक्री. बांधिलकी मात्र लांब असते : व्हेरासारख्या नोंदणी संस्थेच्या नियमांत असा वनप्रकल्प किमान ४० वर्षांचा धरतात. मधेच वणवा लागला तर त्याचाही हिशेब द्यावा लागतो. केंद्राची २०२३ची ग्रीन क्रेडिट योजना ही याहून वेगळी गोष्ट आहे, दोन्हींची गल्लत करू नये.

‘गायरान पंचायतीचं, सरपंचाची सही पुरे.’

गायरान ग्रामपंचायतीकडे सोपवलेलं असलं तरी जमीन सरकारची असते, वनजमीन वनखात्याच्या ताब्यात असते. ज्या गावांना २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले, तिथे व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेचा आहे. एकट्या सरपंचाच्या सहीने चाळीस वर्षांचा करार होऊ शकत नाही.

‘माळ म्हणजे पडीक जमीन.’

खान्देशच्या कमी पावसाच्या पट्ट्यात कित्येक माळ मुळातच गवताळ आहेत. लांडगा, खोकड, माळटिटवी यांचं ते घर. गवताच्या मुळांतून मातीतही कार्बन साठतो. अशा ठिकाणी गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावणं म्हणजे जिवंत माळ मारणं.

तुमच्या गावात कार्बन क्रेडिटचा प्रस्ताव आला तर करार मराठीत मागा आणि तो ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. क्रेडिट विकल्यावर गावाचा वाटा किती, वणवा लागला तर भरपाई कोणाची, आणि गुरं-मेंढ्या कुठे चरणार, हे त्यात लिहिलेलं नसेल तर सही करू नका. त्या सभेला ठेलाऱ्यांनाही बोलवा.