पाण्याचा वाटा

रायगड जिल्ह्यात पाऊस उदंड पडतो. तरीही पेण तालुक्यातील खारेपाटाच्या गावांत चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते. ह्याचे कारण भूमीच्या ठेवणीत आहे. डोंगरातून उतरलेले पाणी थोड्याच कोसांत खाडीला मिळते. खाडीकाठची जमीन भरतीच्या पाण्याने नापीक होऊ नये, म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातले, उघाड्या बसविल्या आणि त्यांच्या आड भात पिकविले. उधाणात बांधास खांड पडली, की खारे पाणी शेतात शिरते व जमीन पुन्हा गोडी होण्यास काही हंगाम जावे लागतात. अशा भूमीस गोडे पाणी म्हणजे जीवनच होय.

रोह्याची कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहते. परंतु तिचे हे सारे पाणी मुळात तिचे नव्हे. घाटमाथ्यावर मुळशी येथे धरण बांधून मुळा नदी अडविली आहे. एरव्ही ते पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळाले असते. ते आता सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे भिरा येथील वीजघरात उतरते, वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेत येते. डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी ते शेतांस मिळते.

ह्या सुबत्तेची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. मुळशी धरणात मावळातील गावे व भातखाचरे बुडाली. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांच्या अग्रभागी होते. १९२४ पर्यंत चाललेल्या ह्या लढ्याने धरण थांबले नाही. पण एकाच्या भल्यासाठी दुसऱ्याने घरदार का सोडावे, हा प्रश्न समाजापुढे उभा राहिला.

पुढे तोच प्रश्न पेणमध्ये निराळ्या रूपाने आला. तेथे भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण झाले. त्याचे पाणी नवी मुंबईस जाऊ लागले. लाभक्षेत्रातील शेतकरी कालव्याची वाट पाहत असतानाच त्यांची जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे ठरले. “ज्या जमिनीसाठी धरण बांधले, तीच का घेता?” असे शेतकरी विचारू लागले. प्राध्यापक एन. डी. पाटील त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावले. बहुतेकांनी जमीन देण्यास नकार दिला. पुढे तो प्रकल्प मागे पडला.

धरणे, कालवे व कारखाने देशास हवेतच. नगरातील माणसालाही तहान असते. परंतु पाणी कोठून येणार, कोणाकडे जाणार आणि कोणाची जमीन त्यापायी जाणार, हे आधी विचारले पाहिजे. हे विचारणारा विकासाचा वैरी नसतो. तो पाण्याचा न्याय्य वाटा मागत असतो.