बंद पडली, पण कशी?

चालती मोटरसायकल मध्येच बंद पडली की आपल्याकडे निदान रस्त्याच्या कडेलाच होतं, आणि तेही फुकट. पहिला थांबणारा म्हणतो प्लग गेला. दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये कचरा आला. टपरीवरचे काका म्हणतात गाडी तापलीय, दहा मिनिटं सावलीत लावा. तिघांपैकी एखादा बरोबरही निघतो. पण गाडी बंद पडली कशी, हे कुणी विचारत नाही आणि निम्मं उत्तर तर तिथेच असतं.

बटण दाबून दिवा घालवावा तसं इंजिन एका क्षणात गप्प झालं, तर पहिला संशय विजेवर घ्यायचा. दोन-चार आचके दिले, पिकअप गेला, ॲक्सिलरेटर पिळूनही गाडी उचलेना आणि मग बंद पडली, तर बहुधा पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये. ताकद कमी होत गेली, इंजिनातून वेगळाच आवाज आला, मागचं चाक कुणीतरी धरल्यासारखं जड झालं, तर मात्र प्रकरण आतलं आहे. ऑइल कमी पडून पिस्टन सिलिंडरला धरत असावा. अशा वेळी लगेच क्लच दाबायचा, गाडी कडेला घ्यायची आणि ऑइल बघितल्याशिवाय एकही किक मारायची नाही.

कडेला घेताना घाबरून जाण्याचं कारण नाही. ‘इंजिन बंद म्हणजे ब्रेकही गेले’ ही भीती चारचाकीवरून आलेली आहे. कारच्या ब्रेकला इंजिनाच्या व्हॅक्यूमची मदत लागते, म्हणून इंजिन बंद पडल्यावर तिथलं पेडल जड होतं. मोटरसायकलचा ब्रेक, ड्रम असो की डिस्क, आपल्याच हातापायाच्या जोरावर लागतो. वीजच पूर्ण गेली असेल तर एबीएस काम करणार नाही, एवढंच. साधा ब्रेक लागतो. क्लच मात्र आधी दाबा, नाहीतर बंद इंजिनच मागच्या चाकाला खेचून धरतं आणि ओल्या रस्त्यावर तेवढ्यानं गाडी घसरू शकते.

थांबल्यावर प्लगचा पाना शोधण्याआधी मीटरकडे बघा. चावी चालू असूनही मीटर, हॉर्न, इंडिकेटर सगळंच मेलेलं असेल, तर इंजिनाला बोल लावण्यात अर्थ नाही. बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालेलं असतं, मेन फ्यूज उडालेला असतो किंवा चावीच्या स्विचमध्ये बिघाड असतो. मीटर जिवंत आणि इंजिन तेवढंच बंद असेल तर आधी किल स्विच बघायचा. हसू नका, टेम्पोत घालून आणलेल्या गाडीचा किल स्विच नुसता बंद निघाला, हा किस्सा कुठल्याही जुन्या मेकॅनिककडे ऐकायला मिळतो. मग साइड स्टँड. आजच्या अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन आपोआप बंद होतं. त्या स्विचमध्ये चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. स्टँडची स्प्रिंग ढिली असेल तर मोठ्या खड्ड्यात स्टँड उसळतो आणि इंजिन क्षणभर बंद होतं. गाडी आडवी पडून उठवली असेल, तर इंधन तोडणारा सेन्सर कामाला लागलेला असतो. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्या सुरू होतात.

एक दोष असा आहे की त्यात भल्याभल्यांचे पैसे जातात. गाडी सरळ रस्त्यावर तासभर छान चालते आणि वळताना, विशेषतः यू-टर्न घेताना, पटकन बंद पडते. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, तरी तेच. हे सगळं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातलं काम. गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि हँडल सावकाश डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. एका टोकाला इंजिन अडखळलं तर हँडलपासून हेडलाइटच्या मागे जाणारी वायर आत तुटलेली आहे. वरचं आवरण शाबूत असतं, आतल्या तांब्याच्या तारा मात्र रोज वाकून वाकून एकेक करून तुटत जातात आणि शेवटची एखादी हँडलच्या कोनाप्रमाणे जुळते-सुटते. हीच गत फॉगलाइट, अलार्म किंवा जीपीएस बसवताना कापून-जोडून नुसती टेप गुंडाळलेल्या वायरींची. नवी गाडी ॲक्सेसरी लावल्यापासून त्रास देत असेल, तर शोध त्या जोडापासूनच सुरू करावा.

‘गाडी एकदा सुरू झाली की बॅटरीचं काम संपलं.’ हे विधान वीस वर्षांपूर्वी बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत खरं होतं. तेव्हाच्या कितीतरी शंभर सीसीच्या गाड्या बॅटरी काढून ठेवली तरी किकवर सुरू होऊन चालत, कारण ठिणगीपुरती वीज इंजिनाला जोडलेली कॉइलच पुरवी. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि बहुतेक मोटरसायकलींचा कार्बोरेटर गेला, फ्यूएल इंजेक्शन आलं. आता टाकीतला पंप, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, इंजेक्टर आणि ठिणगी या सगळ्यांना स्थिर वीज लागते. चार्जिंग नीट होत नसेल तर गाडी सकाळी झोकात सुरू होते आणि वाटेत बॅटरी उतरत उतरत बंद पडते. मल्टिमीटर लावला तर इंजिन थोड्या रेसवर असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. साडेबाराच्या वर जातच नसेल तर रेग्युलेटर किंवा स्टेटर तपासा. बॅटरी ठार उतरलेली असेल तर अशा गाडीला धक्का देऊन फारसं काही साधत नाही, कारण पंपच फिरत नाही. चावी लावल्यावर टाकीतून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, ती पंपाची. तीच येत नसेल तर त्याचा फ्यूज आणि रिले आधी बघा.

पंपाचाच आणखी एक मुद्दा. कार्बोरेटरवाल्या गाडीत आचके बसले की कॉक रिझर्व्हला फिरवायचा, ही सवय अंगात मुरलेली असते. इंजेक्शनच्या गाडीला असा कॉक नसतो, काटा लाल रेषेवर गेला की तोच इशारा. आणि टाकी कायम तळाला ठेवून चालवणं पंपाला मानवत नाही, कारण तो भोवतीच्या पेट्रोलनंच थंड राहतो.

आता ‘गाडी तापली’. विदर्भातल्या मे महिन्यात तर हे निदान कुणालाही पटतं. त्यावर टाकीवर ओलं फडकं टाकण्याचा उपायही सर्रास होतो. पण मोटरसायकलचं चांगलं इंजिन उन्हाळ्यात चालण्यासाठीच बनवलेलं असतं. तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू, हा खेळ रोज होत असेल तर उष्णता हे कारण नाही, ती कुठलातरी दडलेला दोष उघडा पाडते. इग्निशन कॉइलच्या किंवा पिकअप कॉइलच्या गुंडाळीत बारीक चीर असेल, तर तापून प्रसरण पावल्यावर ती उघडते आणि ठिणगी जाते. कॉइलचा दोष कारखान्यातूनही येऊ शकतो. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डनं इग्निशन कॉइलसाठीच क्लासिक, बुलेट आणि मीटिऑर मिळून २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. दुसरं कारण टॅपेट. व्हॉल्व्हची फट फार कमी ठेवली, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कम्प्रेशन गळतं आणि सिग्नलला थांबल्यावर गाडी बंद पडते. टॅपेटचा टकटक आवाज नको म्हणून ते घट्ट करून घेणारी गिऱ्हाइकं हा त्रास पदरमोड करून विकत घेतात.

तिसरं कारण दिसायला इतकं क्षुल्लक, की गाडी तापल्याचा आळ बहुतेक वेळा त्याच्यामुळेच येतो. टाकीच्या झाकणात हवा आत घेणारं बारीक भोक असतं. धुळीनं, गंजानं किंवा हौसेनं घातलेल्या रेक्झिनच्या कव्हरनं ते बुजलं, की पेट्रोल संपेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरवाल्या गाडीत गुरुत्वाकर्षणानं खाली येणारं पेट्रोल यायचं थांबतं. दहा मिनिटं सावलीत लावली की हवा कुठूनतरी शिरते, गाडी सुरू होते आणि काकांचं निदान खरं ठरतं. पुढच्या वेळी बंद पडताक्षणी झाकण उघडून बघा. ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली तर काम टाचणीचं आहे, वर्कशॉपचं नाही.

प्लगबद्दलही थोडं. प्लग अचानक मरतो असं क्वचितच होतं. तो आधी महिनाभर कुरकुरतो. काढून पाहिलात तर टोकाचा फिकट तपकिरी रंग ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. पावसात आंबा घाट चढताना गाडी तडतडून बंद पडली, तर दोष प्लगपेक्षा त्याच्या टोपीत शिरलेल्या पाण्याचा असण्याची शक्यता जास्त. टोपी काढा, आतून कोरडी पुसा, घट्ट बसवा. रबर चिरलेलं असेल तर टोपीच बदला, ती स्वस्त असते.

इथेनॉलवर हल्ली सगळंच ढकललं जातं. इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलमुळे चांगली गाडी चालता चालता बंद पडत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं, आणि गाडी पेट्रोल घेते ती तळापासूनच. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलनं फुगतात. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी काढताना जुनं पेट्रोल ओतून टाकणं बरं.

फ्यूज उडाला म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळून जागेवर बसवणारे अजून भेटतात. अशानं फ्यूज वाचतो, वायरिंग जळतं. त्याच अँपिअरचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिसरा घालू नका.

आणि पुराच्या पाण्यात इंजिन बुडून बंद पडलं असेल तर ‘लगेच स्टार्ट केली की पाणी बाहेर पडतं’ हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजाराचं काम कित्येक हजारांवर जातं. गाडी ढकलत आणा, प्लग काढून पाणी जाऊ द्या, ऑइल दुधाळ झालेलं असेल तर बदला, एअर फिल्टर कोरडा करा, आणि मगच चावी फिरवा.