भायखळ्याचा शेजार

भायखळा म्हटलं की आपल्याला राणीची बाग आठवते, फार तर भाजीबाजार. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी इथूनच गेली. पुढे गिरण्या आल्या, कोकणातून नि घाटावरून कामगार आले. देवळं, मशिदी, ग्लोरिया चर्च, पारश्यांची रुस्तम बाग, ज्यूंचं सिनेगॉग, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. आपण याला विविधता म्हणतो आणि पुढे जातो. पण अशी यादी केली म्हणजे शेजार कळला, असं नव्हे.

ज्यूंचंच बघू. धर्म एक, पण समाज दोन. बेने इस्रायली कोकणातले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून ‘शनवार तेली’. घरात मराठी. बगदादी ज्यू व्यापारी, अरबीभाषक, नंतर इंग्रजीकडे वळलेले. या बगदादींनी एकेकाळी दफनभूमीत मध्ये भिंत घालून मागितली होती, बेने इस्रायलींपासून वेगळं राहायला! म्हणजे परका कोण, हे धर्मावरून ठरतंच असं नाही.

आता त्याच बगदादी ससून घराण्याने भायखळ्यात बांधलेल्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात या. इथल्या शाळा ज्यू मुलांसाठी निघाल्या. १९४८ नंतर बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला, इंग्लंडला गेली. शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. आज तिथे बहुसंख्य मुलं आसपासच्या मोहल्ल्यांतली, मुसलमान आहेत. सहिष्णुतेची व्याख्या आम्ही वर्गात बरीच वर्षं शिकवली. इथे ती रोज सकाळी दप्तर घेऊन फाटकातून आत जाते.